रक्तातील ऑक्सिडीकारक ताणाचे विद्युतरासायनिक मापन

रक्तातील ऑक्सिडीकारक ताणाचे विद्युतरासायनिक मापन म्हणजे रुग्णाचे रक्त, रक्तद्रव किंवा रक्तरस यांत विद्युत अग्र ठेवून मिळणाऱ्या विभवाच्या, विद्युतधारेच्या अथवा विद्युतप्रभाराच्या आधारे त्या नमुन्यातील ऑक्सिडीकारक व क्षपणक द्रव्यांचा तोल ठरविण्याच्या पद्धतींचा समूह होय. सेप्सिस, मोठा अपघात, विस्तृत भाजणे, तीव्र श्वसनविकार यांसारख्या गंभीर आजारांत हा तोल ऑक्सिडीकरणाच्या बाजूला झुकतो. त्यामुळे अतिदक्षता विभागातील रुग्णांच्या संदर्भात या मापनाचा विशेष अभ्यास झाला आहे. नमुना थोडा लागणे, निकाल काही मिनिटांत मिळणे आणि महागड्या अभिकर्मकांची गरज नसणे हे या पद्धतींचे फायदे आहेत. मात्र मिळणारा आकडा हा अनेक द्रव्यांचा एकत्रित परिणाम असतो आणि त्यावरून थेट उपचार ठरविता येत नाही.

या मापनाचा अर्थ लावण्यासाठी निरनिराळ्या मुक्त मूलकांचे व अँटिऑक्सिडंट द्रव्यांचे स्वतंत्र गुणधर्म माहीत असावे लागतात. अशा मूलभूत संशोधनाचे भारतातील एक प्रमुख केंद्र म्हणजे मुंबईतील ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्र होय.

पार्श्वभूमी

सजीवांच्या पेशींत मुक्त मूलके सातत्याने निर्माण होतात व नष्टही होतात. मुक्त मूलक म्हणजे एक किंवा अधिक अयुग्मित इलेक्ट्रॉन असलेला अणू, रेणू किंवा आयन. जो. मॅककॉर्ड आणि आयर्विन फ्रिडोविच यांनी १९६९ साली सुपरऑक्साइड डिसम्युटेज या विकराचे कार्य दाखवून दिले. सुपरऑक्साइड हे मूलक नष्ट करण्यासाठी शरीरात खास विकर असल्याचे त्यामुळे स्पष्ट झाले आणि मुक्त मूलकांकडे पाहण्याची जीवशास्त्राची दृष्टी बदलली. ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ ही संज्ञा जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञ हेल्मुट सीस यांनी १९८५ साली रूढ केली. ऑक्सिडीकारक व त्यांना रोखणारी द्रव्ये यांच्यातील तोल पहिल्यांच्या बाजूला ढळणे, असा तिचा मूळ अर्थ होता. पुढे अमेरिकन संशोधक डीन जोन्स यांनी या व्याख्येत भर घातली. शरीरात एकच सामाईक तोल नसून ग्लुटाथायोन, सिस्टीन, थायोरेडॉक्सिन अशा अनेक यंत्रणा बऱ्याच अंशी स्वतंत्रपणे चालतात व त्यांतील संदेशवहन बिघडणे हाच ताण होय, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ही दुसरी व्याख्या मापनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. कारण तोल एकच नसेल, तर तो दाखविणारा एकच आकडाही पुरेसा ठरत नाही.

अतिदक्षता विभागाला विद्युतरसायन नवे नाही. लेलँड क्लार्क यांनी १९५६ साली प्रसिद्ध केलेले ऑक्सिजनचे विद्युत अग्र, पीएच मोजणारे काचेचे विद्युत अग्र आणि कार्बन डायऑक्साइडसाठीचे सेव्हरिंगहाउस विद्युत अग्र यांच्या आधारावर धमनीतील रक्तवायूंची तपासणी उभी राहिली. रक्तातील लॅक्टेट व ग्लुकोज मोजणाऱ्या अनेक संवेदकांत विकराच्या क्रियेतून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते व प्लॅटिनमच्या अग्रावर त्याचे ऑक्सिडीकरण होऊन मिळणारी धारा मोजली जाते. या सर्व तपासण्यांत एका विशिष्ट द्रव्याचे मापन होते. ऑक्सिडीकारक ताणाच्या मापनात मात्र संपूर्ण मिश्रणाचा कल पाहावा लागतो.

गंभीर आजारातील ऑक्सिडीकारक ताण

गंभीर आजारात मुक्त मूलकांची निर्मिती पुढील मार्गांनी वाढते.

* जंतुसंसर्गाला तोंड देणाऱ्या पांढऱ्या पेशी एनएडीपीएच ऑक्सिडेज या विकराच्या साहाय्याने मोठ्या प्रमाणात सुपरऑक्साइड तयार करतात. जंतूंचा नाश हा त्याचा हेतू असला, तरी आसपासच्या ऊतींनाही इजा पोहोचते.
* रक्तपुरवठा खंडित होऊन पुन्हा सुरू झाल्यावर झँथिन ऑक्सिडेज या विकराद्वारे व तंतुकणिकांतून मूलके बाहेर पडतात.
* सुपरऑक्साइड व नायट्रिक ऑक्साइड यांच्या संयोगातून पेरॉक्सिनायट्राइट हे प्रभावी ऑक्सिडीकारक बनते.
* तांबड्या पेशी फुटल्याने किंवा ऊतींच्या नाशामुळे मोकळे झालेले लोह हायड्रोजन पेरॉक्साइडपासून हायड्रॉक्सिल मूलक तयार करते. ही फेंटन विक्रिया म्हणून ओळखली जाते.

याच काळात संरक्षक द्रव्यांचा साठा घटतो. निरोगी व्यक्तीच्या रक्तद्रवात क जीवनसत्त्वाचे प्रमाण साधारणतः ५० मायक्रोमोल प्रतिलिटरच्या आसपास असते. सेप्टिक शॉकच्या अनेक रुग्णांत ते ११ मायक्रोमोलच्या खाली, म्हणजे स्कर्व्ही रोगात आढळणाऱ्या पातळीवर उतरलेले दिसते. अल्ब्युमिन हे प्रथिन रक्तद्रवातील मुक्त थायोल गटांचा सर्वांत मोठा साठा असून गंभीर आजारात तेही कमी होते.

मापनाचे तत्त्व

एखाद्या द्रावणात ऑक्सिडीकृत व क्षपित अशी द्रव्याची जोडी असेल, तर निष्क्रिय धातूच्या अग्रावर तिच्यामुळे येणारे विभव नेर्न्स्टच्या समीकरणाने काढता येते. हे विभव प्रमाण विभवावर आणि दोन्ही रूपांच्या सांद्रतांच्या गुणोत्तरावर अवलंबून असते. विभव जितके अधिक धन, तितका द्रावणाचा कल इलेक्ट्रॉन घेण्याकडे, म्हणजे ऑक्सिडीकरणाकडे असतो.

ग्लुटाथायोनचे उदाहरण येथे बोधप्रद आहे. क्षपित ग्लुटाथायोनचे दोन रेणू दोन इलेक्ट्रॉन देऊन ऑक्सिडीकृत ग्लुटाथायोनचा एक रेणू बनतो. त्यामुळे समीकरणात क्षपित रूपाच्या सांद्रतेचा वर्ग येतो. पीएच ७.४ ला या जोडीचे प्रमाण विभव सुमारे −२६४ मिलिव्होल्ट आहे आणि वर्गासह मांडलेले गुणोत्तर दहापट झाले, की विभव सुमारे ३० मिलिव्होल्टने वाढते. रक्तद्रवात क्षपित रूप २.८ व ऑक्सिडीकृत रूप ०.१४ मायक्रोमोल प्रतिलिटर मानल्यास विभव सुमारे −१३६ मिलिव्होल्ट येते. दोन्ही रूपांचे प्रमाण निम्मे केले, तर त्यांचे परस्परांतील साधे गुणोत्तर तेच राहते. तरीही विभव सुमारे −१२७ मिलिव्होल्टवर जाते. म्हणजे साठा रोडावणे हेच ऑक्सिडीकरणाच्या दिशेने नेणारे असते, जरी कोणतेही नवे ऑक्सिडीकारक त्यात आले नसले तरी.

विभव नेहमी एखाद्या संदर्भ अग्राच्या तुलनेत मोजले जाते. प्रयोगशाळेत बहुधा चांदी व सिल्व्हर क्लोराइडचे अग्र वापरतात. संपृक्त पोटॅशियम क्लोराइडमध्ये २५ अंश सेल्सिअसला त्याचे विभव प्रमाण हायड्रोजन अग्रापेक्षा सुमारे १९७ मिलिव्होल्टने अधिक असते. संदर्भ अग्र कोणते होते हे न सांगता दिलेला आकडा त्यामुळे निरर्थक ठरतो.

पद्धती

विभवमापन

प्लॅटिनमचे अग्र व संदर्भ अग्र नमुन्यात ठेवून, बाहेरून धारा न सोडता, दोहोंमधील विभवांतर मोजणे ही सर्वांत सोपी पद्धत आहे. या मापनाला ऑक्सिडीकरण-क्षपण विभव म्हणतात. मॉस्को येथील स्क्लिफोसोव्स्की तातडीच्या वैद्यकीय सेवा संस्थेतील संशोधकांनी रक्तरसातील प्लॅटिनम अग्राच्या विभवाचा अवयवारोपण झालेल्या व इतर गंभीर रुग्णांत अभ्यास केला आहे. अमेरिकेतील कोलोराडो राज्यातील संशोधकांनी गंभीर अपघातग्रस्तांच्या रक्तद्रवाचे विभव निरोगी व्यक्तींपेक्षा अधिक असल्याचे दाखविले.

क्षमतामापन

विभव हे फक्त कल दाखविते. साठा किती शिल्लक आहे हे त्यावरून कळत नाही. उतारावरून पाण्याची दिशा समजते, टाकीतील पाणी किती हे समजत नाही, तसाच हा प्रकार आहे. यासाठी नमुन्यातून हळूहळू वाढती ऑक्सिडीकारक धारा सोडतात. अँटिऑक्सिडंट संपताच विभव एकदम चढते. तोपर्यंत वाहिलेला एकूण प्रभार मायक्रोकूलोंबमध्ये मोजतात. हा प्रभार जितका कमी, तितका रुग्णाचा राखीव साठा कमी मानला जातो.

चक्रीय व्होल्टामेट्री

या पद्धतीत कार्बनच्या अग्राचे विभव ठरावीक गतीने वाढवून पुन्हा मूळ जागी आणतात व त्या प्रत्येक विभवाला मिळणारी धारा नोंदवितात. सहज ऑक्सिडीकरण होणारी द्रव्ये कमी विभवाला धारा देतात. रक्तद्रवाच्या आलेखात पहिली लाट मुख्यतः क जीवनसत्त्व व युरिक आम्ल यांची असते. लाटेचे स्थान इलेक्ट्रॉन देण्याची सहजता दाखविते, तर तिची उंची किंवा क्षेत्रफळ प्रमाण दाखविते. इस्रायलमधील रॉन कोहेन, मोर्देखाय शेव्हियन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत जैविक द्रवांसाठी विकसित केली.

वेगळे करून मापन

उच्च कार्यक्षमतेच्या द्रव वर्णलेखनाने नमुन्यातील घटक प्रथम वेगळे करून नंतर विद्युतरासायनिक शोधकाने मोजल्यास ग्लुटाथायोन, सिस्टीन इत्यादींची प्रमाणे स्वतंत्रपणे मिळतात व त्यांवरून प्रत्येक जोडीचे विभव काढता येते. ही पद्धत सर्वांत माहितीपूर्ण असली, तरी वेळखाऊ असल्याने रुग्णशय्येजवळ वापरण्याजोगी नाही.

ट्रॉम्बे येथील संशोधन

ट्रॉम्बे हा मुंबईच्या पूर्व उपनगरांतील, ठाणे खाडीलगतचा भाग आहे. होमी भाभा यांच्या पुढाकाराने १९५४ साली येथे अणुऊर्जा आस्थापना सुरू झाली आणि १९५६ साली ‘अप्सरा’ ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. भाभा यांच्या निधनानंतर १९६७ साली या संस्थेस भाभा अणुसंशोधन केंद्र हे नाव देण्यात आले.

अणुसंशोधन केंद्रात मुक्त मूलकांचा अभ्यास होणे स्वाभाविक आहे. आयनीकारक प्रारण पाण्यातून गेले, की पाण्याचे रेणू फुटून जलयोजित इलेक्ट्रॉन, हायड्रोजन अणू व हायड्रॉक्सिल मूलक तयार होतात. शरीराचा बराचसा भाग पाण्याचा असल्याने प्रारणाच्या हानीत या मूलकांचा मोठा वाटा असतो. सेप्सिसच्या रुग्णात पेशींच्या क्रियेतून निर्माण होणारे हायड्रॉक्सिल मूलक रासायनिकदृष्ट्या याहून वेगळे नसते. त्यामुळे प्रारणरसायनात मिळालेले ज्ञान वैद्यकालाही लागू पडते.

ट्रॉम्बे येथे यासाठी वापरले जाणारे प्रमुख तंत्र म्हणजे पल्स रेडिओलिसिस. ७ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेच्या रेषीय त्वरकातून ५० नॅनोसेकंदांसारखा अत्यल्प काळ टिकणारा इलेक्ट्रॉनांचा स्पंद द्रावणावर सोडतात व त्यातून जन्मलेली मूलके प्रकाशाच्या शोषणावरून पाहतात. ही मूलके बहुधा मायक्रोसेकंद ते मिलिसेकंद इतकीच टिकतात. नेहमीच्या विद्युत अग्राने त्यांचे विभव मोजणे शक्य नसते. म्हणून विभव ज्ञात असलेले दुसरे द्रव्य त्याच द्रावणात ठेवतात. मूलके नष्ट होण्यापूर्वी दोघांत क्षणभर समतोल साधला जातो, त्याचा स्थिरांक काढतात व त्यावरून अज्ञात मूलकाचे विभव मिळते. जगभरातील प्रयोगशाळांत या तंत्राने मिळालेली काही महत्त्वाची एक-इलेक्ट्रॉन विभवे पीएच ७ ला, प्रमाण हायड्रोजन अग्राच्या तुलनेत, पुढीलप्रमाणे आहेत.

* हायड्रॉक्सिल मूलक ते पाणी : +२३१० मिलिव्होल्ट
* ग्लुटाथायोनचे थायिल मूलक ते ग्लुटाथायोन : +९२० मिलिव्होल्ट
* युरिक आम्लाचे मूलक ते युरेट : +५९० मिलिव्होल्ट
* ई जीवनसत्त्वाचे मूलक ते ई जीवनसत्त्व : +५०० मिलिव्होल्ट
* क जीवनसत्त्वाचे मूलक ते क जीवनसत्त्व : +२८२ मिलिव्होल्ट
* ऑक्सिजन ते सुपरऑक्साइड : −३३० मिलिव्होल्ट

या यादीतील वरचे मूलक खालच्या जोडीतील क्षपित द्रव्याकडून इलेक्ट्रॉन घेऊ शकते. म्हणूनच क जीवनसत्त्व ई जीवनसत्त्वाच्या मूलकाला पूर्वरूप देऊ शकते. याच्या उलट विक्रिया सहज होत नाही. ग्लुटाथायोनचे येथील +९२० आणि वर आलेले −२६४ हे आकडे परस्परविरोधी नाहीत. पहिला आकडा एका इलेक्ट्रॉनच्या, मूलकामार्गे होणाऱ्या बदलाचा आहे. दुसरा दोन इलेक्ट्रॉनांच्या, डायसल्फाइड बनविणाऱ्या बदलाचा आहे.

केंद्रातील के. इंदिरा प्रियदर्शिनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हळदीतील कुर्क्युमिनच्या मुक्त मूलकांशी होणाऱ्या विक्रियांचा याच तंत्राने तपशीलवार अभ्यास केला. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामातून कुर्क्युमिनच्या अँटिऑक्सिडंट क्रियेत त्याचा फिनॉलिक हायड्रॉक्सिल गट आवश्यक असल्याचे दिसून आले. सेलेनियमयुक्त संयुगांवरही त्यांनी संशोधन केले आहे. केंद्रातील टी. पी. ए. देवसगायम यांनी २००४ साली अन्य संशोधक व ज्येष्ठ वैद्य रा. द. लेले यांच्यासह मुक्त मूलके, अँटिऑक्सिडंट व मानवी आरोग्य यांविषयीचा आढावा भारतीय वैद्यांच्या संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. रसायनशास्त्रातील हे ज्ञान वैद्यांपर्यंत पोहोचविणाऱ्या लेखनांत त्याचा समावेश होतो.

अर्थ लावण्यातील अडचणी

मिश्र विभव : रक्तद्रवातील निरनिराळ्या जोड्या परस्परांशी समतोलात नसतात. निरोगी तरुण व्यक्तीत ग्लुटाथायोन जोडीचे विभव सुमारे −१४०, तर सिस्टीन जोडीचे सुमारे −८० मिलिव्होल्ट असते. समतोल असता, तर दोन्ही आकडे एकच आले असते. प्लॅटिनमच्या अग्राशी ज्या द्रव्यांची देवघेव जलद होते, त्यांचा प्रभाव वाचनावर अधिक पडतो. थायोल द्रव्यांची ही देवघेव मंद असल्याने त्यांचे खरे महत्त्व आकड्यात उतरत नाही.

युरिक आम्ल : मूत्रपिंडे निकामी झाल्यावर रक्तातील युरिक आम्ल वाढते. व्होल्टामेट्रीत हे वाढीव अँटिऑक्सिडंट क्षमतेसारखे दिसते. रुग्णाची स्थिती खालावत असताना आकडा सुधारलेला दिसण्याचा धोका येथे असतो.

नमुन्याची हाताळणी : तांबड्या पेशींतील ग्लुटाथायोन मिलिमोल पातळीत, तर रक्तद्रवातील मायक्रोमोल पातळीत असते. हा फरक जवळपास हजारपट आहे. रक्त काढताना थोड्या जरी पेशी फुटल्या, तरी रक्तद्रवाचे मापन बिघडते. नमुना हवेत राहिल्यास थायोल व क जीवनसत्त्व यांचे ऑक्सिडीकरण होते. म्हणून नमुना त्वरित वेगळा करून थंड ठेवणे व सर्व नमुन्यांसाठी सारखाच वेळ पाळणे आवश्यक असते.

औषधे : पॅरासिटामॉल स्वतःच अग्रावर ऑक्सिडीकृत होते. प्रोपोफॉल हे भूल देण्याचे औषध फिनॉल वर्गातील असून त्याला अँटिऑक्सिडंट गुण आहेत. एन-ॲसिटिलसिस्टीन थायोल पुरविते. अतिदक्षता विभागात ही तिन्ही नित्याची औषधे आहेत.

अग्र माखणे : रक्तातील प्रथिने अग्राच्या पृष्ठभागावर चिकटतात व वाचन हळूहळू सरकत जाते. त्यामुळे एकदाच वापरावयाच्या संवेदकपट्ट्या किंवा प्रत्येक मापनापूर्वी अग्राची स्वच्छता हे उपाय योजले जातात.

वैद्यकीय महत्त्व

वाढलेले विभव व आजाराची तीव्रता यांचा संबंध दिसला, तरी ऑक्सिडीकरण हे आजाराचे कारण की परिणाम, हे त्यावरून ठरत नाही. हा भेद केवळ तात्त्विक नाही, हे अँटिऑक्सिडंट उपचारांच्या चाचण्यांनी दाखविले आहे.

२०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘रिडॉक्स’ चाचणीत कॅनडा, अमेरिका व युरोपातील ४० अतिदक्षता विभागांतील १,२२३ रुग्णांचा समावेश होता. त्यांत सेलेनियम, जस्त, जीवनसत्त्वे इत्यादी अँटिऑक्सिडंट दिल्याने २८ दिवसांतील मृत्यूंच्या प्रमाणावर परिणाम झाला नाही. ग्लुटामीन मिळालेल्या गटात रुग्णालयातील मृत्यू उलट वाढले. २०१७ साली अमेरिकेतील एका रुग्णालयातील ४७ सेप्सिस रुग्णांना क जीवनसत्त्व, थायमिन व हायड्रोकॉर्टिसोन दिल्यानंतर मृत्यूचे प्रमाण ८.५ टक्के, तर पूर्वीच्या तितक्याच रुग्णांत ते ४०.४ टक्के असल्याचे वृत्त आले व जगभर आशा निर्माण झाली. परंतु हा यादृच्छिक अभ्यास नव्हता. २०२२ च्या ‘लोव्हिट’ या यादृच्छिक चाचणीत सेप्सिसच्या रुग्णांना शिरेतून क जीवनसत्त्व देण्यात आले. त्या गटात २८ व्या दिवशी मृत्यू किंवा टिकून राहिलेला अवयवबिघाड यांचे प्रमाण ४४.५ टक्के, तर औषधाविना असलेल्या गटात ३८.५ टक्के आढळले. रक्तात कमी असलेले द्रव्य भरून काढले, की रुग्ण बरा होईलच, हा सरळ तर्क येथे टिकला नाही.

याची काही कारणे रसायनशास्त्रातून समजतात. मुक्त मूलके जंतुनाशाच्या व पेशींमधील संदेशवहनाच्या कामीही येतात, त्यामुळे ती सरसकट नष्ट करणे हितकारक असेलच असे नाही. तसेच मोकळ्या लोहाच्या सान्निध्यात क जीवनसत्त्व लोहाचे क्षपण करून फेंटन विक्रियेस हातभार लावू शकते, म्हणजे अँटिऑक्सिडंट द्रव्यच ऑक्सिडीकारक परिणाम घडवू शकते.

उपचाराचा मापनावरही परिणाम होतो. शिरेतून मोठ्या मात्रेत दिलेले क जीवनसत्त्व काही ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांवर ऑक्सिडीकृत होते व रक्तशर्करा प्रत्यक्षाहून अधिक दिसते. त्यावर विसंबून इन्शुलिन दिल्यास शर्करा धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. अशा रुग्णांत प्रयोगशाळेतील तपासणीने खात्री करून घेणे आवश्यक ठरते.

या कारणांमुळे विद्युतरासायनिक मापन हे लॅक्टेट, रक्तवायू, मूत्रपिंडाचे कार्य व रुग्णाची प्रत्यक्ष स्थिती यांच्या जोडीने वाचण्याचे पूरक साधन मानले जाते. एका वेळच्या आकड्यापेक्षा त्याच रुग्णात, त्याच पद्धतीने, ठरावीक अंतराने घेतलेल्या आकड्यांतील बदल अधिक उपयुक्त असतो. विभव व क्षमता ही दोन्ही मापे सोबत घेतल्यास कल आणि साठा यांचा वेगवेगळा अंदाज येतो.

हे सुद्धा पहा

* मुक्त मूलक
* ग्लुटाथायोन
* सेप्सिस
* नेर्न्स्टचे समीकरण
* भाभा अणुसंशोधन केंद्र